मुंडकाराच्या पोटातला गोळा नातीला दिसला कसा?

अंत्रूजकर:
फोंड्यातल्या आमच्या कथावाचनात परवा एक कथा वाचली गेली. लेखिकेला विचारूनच इथे मांडतो. १९७६ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. भाटकाराची (जमीनमालकाची) आठ वर्षांची नात 'मी' म्हणून सगळं सांगते. मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सामान घेऊन खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येतो. आजोबा त्याच्यापुढे कागद धरतात, अंगठा लाव म्हणतात. आणि मग हे वाक्य: 'आता घर जाणार, या विचारानं त्याच्या पोटात गोळा आला.'

नात सोप्यावर बसलेली. तिला हा गोळा दिसला कुठून? 'मी' धरलात तर त्या 'मी'ला जेवढं दिसतं, ऐकू येतं, तेवढंच सांगा. नाहीतर सर्वज्ञ निवेदक घ्या आणि हव्या त्याच्या मनात फिरा, कोण अडवतो? (माटोळीचं वर्णन मात्र झकास. आमाडे, कांगलां, सगळं जागच्या जागी.)

म्हादईकाठची:
हा नियम आणला कुठून? आपण देवळातली कीर्तनं ऐकत वाढलेली माणसं. उत्तररंगात आख्यान रंगलं की बुवा उपरणं डोक्यावर घेतात आणि द्रौपदी होतात, खांद्यावर टाकतात आणि दुःशासन होतात. कुणी उठून विचारतं का, बुवा, तुम्हाला द्रौपदीच्या मनातलं कसं कळलं म्हणून?

अंत्रूजकर:
नाही विचारत, कारण 'मी त्या सभेत बसलो होतो' असं बुवा कधी म्हणत नाहीत. आख्यान सांगणाऱ्याची जागा घेऊन ते उभे असतात आणि सोंग बदलतात तेही सगळ्यांदेखत. कथेतली नात साक्षीदार आहे. साक्षीदार दुसऱ्याच्या पोटातलं सांगायला लागला तर कोर्टसुद्धा ऐकून घेत नाही.

पेडण्याचा वाचक:
तुम्ही दोघंही 'मी' एकच धरून चालला आहात. पाहते आठ वर्षांची पोर, पण सांगते कोण? त्याच कथेत 'मुंडकार कायदा नुकताच झाला होता' असं वाक्य आहे, ते काही पोरीचं नव्हे. साठीकडे झुकलेली बाई मागचं आठवून सांगते आहे. पाहणारा वेगळा, सांगणारा वेगळा, ही फोड झेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकानं १९७२ मध्ये व्यवस्थित करून ठेवली आहे. त्या बाईनं पुढे कुणाकडून ऐकलं असेल किंवा मनानं ताडलं असेल. मग तसं लिहा: 'गोळा आला असेल.' भागलं.

कथालेखिका:
तो 'असेल' मी मुद्दाम टाळला. तो घातला की सगळी कथा त्या बाईच्या हळहळीची होते. मला मुंडकार हवा होता. आमच्याकडच्या कथांत तो कायमचा खळ्यात उभा आणि त्याच्याकडे बघणारे डोळे सोप्यावरचे. एका वाक्यापुरती त्याच्या आत शिरले तर कुठे बिघडलं? 'ययाति'त राजा, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही 'मी' म्हणून बोलतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्णही बोलतो. ते तुम्हाला चालतं.

कुळागरातला:
चालतं, कारण तिथे प्रत्येकाला बोलायला ऐसपैस जागा आहे. तुम्ही त्याला एक वाक्य देता. आणि ताई, राग मानू नका, ते वाक्यसुद्धा त्याचं नाही.

माझे आजोबा मुंडकार. १९७५च्या कायद्यानं मुंडकाराला घरातून काढता येईना, वर राहतं घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. ही बातमी आमच्या वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होती. तुमच्या कथेतला मुंडकार कदाचित 'नाही' म्हणायच्या तयारीनंच आला असेल. कायदा झाल्यावर घाईघाईनं अंगठा मागणारे आजोबाच धास्तावलेले नसतील कशावरून? मुंडकार म्हटला की तो घाबरणार, हे भाटकाराच्या घरातल्यांनी मनाशी धरलेलं. तुमची नात त्याच्या आत गेलीच नाही, सोप्यावरूनच बोलली.

शिवाय तो मनातल्या मनात बोलणार कुठल्या भाषेत? देवळात, शाळेत, लिहिण्यावाचण्यात मराठी, पण चुलीपाशी कोंकणी. त्याचं 'मी' प्रमाण मराठीत लिहिलंत की पहिल्याच ओळीत तो सोप्यावर येऊन बसतो.

व्यवस्थापक:
भाषेचा मुद्दा कथेपुरता ठेवावा. गोव्यातला मराठी-कोंकणी राजभाषेचा वाद १९८७च्या कायद्यानं मिटला नाही, तो या धाग्यावर मिटणार नाही.

अंत्रूजकर:
कुळागरातला, मग लिहायचंच नाही का? हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मधून 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिली, ती अख्खी यमूच्या तोंडून. पुरुषानं बाईचं 'मी' लिहिलं आणि ते अजून वाचवतं.

कुळागरातला:
यमूची बोली हरिभाऊंच्या कानावर घरातच पडत होती. ते माजघरात गेले, वाड्याबाहेर पडावं लागलं नाही. लिहू नका असं मी म्हणत नाही. आधी खळ्यात येऊन ऐका.

पेडण्याचा वाचक:
मग मनातलं सगळंच काढून टाका:

'त्यानं कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला, घडी घालून कमरेला खोचला. "वकिलाक दाखयतां," म्हणाला. आजोबा काहीच बोलले नाहीत. आजीनं मला आत बोलावलं.'

नातीला काडीचं कळलेलं नाही. वाचकाला मात्र कळायचं ते कळतं.

कथालेखिका:
उतारा चांगला आहे, पण माझा मुंडकार अंगठा लावतो. कायदा होऊनही लावणारे होतेच. वकिलाकडे जाणाऱ्याची कथा कुळागरातला यांनी लिहावी, त्यांच्याकडे ती आहे. माझ्या कथेतून ते वाक्य काढते आहे. नियम मोडतो म्हणून नव्हे, ते मुंडकाराचं नाही म्हणून.

म्हादईकाठची:
मला अजून पटलेलं नाही. हल्ली कथेत कुणी कुणाच्या मनात जातच नाही. कुणीतरी कपबशी सरकवतं, कुणीतरी खिडकीबाहेर बघतं आणि वाचकानं दुःख ओळखून घ्यायचं. त्यापेक्षा आमचे बुवा बरे. पोटातलं सांगून तरी टाकतात.