करमाफी म्हणजे देणगी नव्हे, पण...

'चर्चला करमाफी म्हणजे सरकारने धर्माला दिलेली देणगीच' असं काही जण म्हणतात. हा मुद्दा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे १९७० सालीच येऊन गेलाय. न्यूयॉर्कच्या वॉल्झ नावाच्या मालमत्ताधारकाचं म्हणणं होतं की चर्चला कर माफ, म्हणजे माझ्या करातून मी त्यांना नाइलाजाने पैसे देतो. कोर्टाने ते मानलं नाही. कर लावायचा तर सरकारी माणसं चर्चच्या जागेचं मूल्यांकन करणार, थकला तर जप्ती आणणार. यात दोघांचे हात उलट जास्तच गुंततात, असं सरन्यायाधीश बर्गर यांचं म्हणणं. शिवाय ती सवलत शाळा, रुग्णालयं, ग्रंथालयं यांनाही होती. डग्लस हे एकटेच न्यायमूर्ती विरोधात गेले.

मात्र फक्त धार्मिक नियतकालिकांनाच विक्रीकर माफ करणारा टेक्ससचा कायदा याच कोर्टाने १९८९ मध्ये उडवला. मला हा फरक पटतो. सगळ्या सेवाभावी संस्थांच्या रांगेत चर्च उभं असेल तर हरकत नाही, त्याच्यासाठी वेगळी खिडकी नको.

पण तशी खिडकी आहेच! इतर बहुतेक करमुक्त संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरून जमाखर्च आणि वरिष्ठांचे पगार जाहीर करावे लागतात. चर्चला तो भरावाच लागत नाही. खासगी जेट बाळगणाऱ्या टीव्हीवरच्या पाद्रींचं यामुळे चांगलंच फावतं. करमाफी राहू द्या, हिशेब मागा. तेवढ्याने धर्मस्वातंत्र्य कसं बुडतं, हे कुणी समजावून सांगेल का?