मदत हवी आहे : बेंजो ग्रुपचं लाइव्ह रेकॉर्डिंग, बजेट १५-२० हजार

नमस्कार मंडळी, आमचा बेंजो ग्रुप आहे, मुंबईत परळ साइडला. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन ढोल, एक ताशा आणि ट्रॉलीवर जनरेटरसकट साउंड. आगमन, पाद्यपूजन, हळदी, शिमग्याला कोकणात, अशा सुपाऱ्या असतात. आता सुपारी द्यायला येणारा पहिलं विचारतो, व्हिडिओ पाठवा ना. आणि पाठवायला काय आहे तर पब्लिकने मोबाइलवर काढलेलं, ढोल पडला की सगळा आवाज फाटतो आणि बेंजो शोधावा लागतो. मी स्वतः बेंजोवर असतो त्यामुळे जरा जास्तच लागतं.

मागच्या सीझनला मिक्सरच्या रेक आउटमधून (रेकॉर्डिंगसाठी असलेलं आउटपुट) वायर काढून लॅपटॉपवर घेतलं. बेंजो-कीबोर्ड एकदम क्लीन, ऑक्टोपॅड कोरडा ठणठणीत, पण ढोल शेजारच्या गल्लीत वाजतोय असा. साहजिक आहे, ढोल-ताशाला आम्ही माइक लावतच नाही, गरजच काय, अनाऊन्समेंटच्या माइकमधून जेवढा शिरला तेवढाच आला.

स्टुडिओत जा असं प्लीज कोणी सांगू नका, ते करून झालंय. क्लिक (कानात ठरावीक लयीची टिकटिक) लावून एकेकाने वाजवायचं, सुरात सगळं बरोबर पण जीव नाही. लाइव्हला आमची लय चढत जाते, समोर पब्लिक नाचायला लागलं की ढोलवाले उचलतात आणि बाकीचे त्यांच्या मागे, क्लिकवर ते होणारच नाही.

तर विचारायचंय की हँडी रेकॉर्डर घेऊ की इंटरफेस (माइक-मिक्सर लॅपटॉपला जोडायचा डबा)? झूमचे एच१ इसेन्शियल आणि एच४ इसेन्शियल बघितलेत, ३२ बिट फ्लोट (लहान-मोठा कुठलाही आवाज फाइलमध्ये मावेल अशी रेकॉर्डिंगची पद्धत) असलं की आवाज फाटतच नाही म्हणतात, खरंय का? आणि मिरवणुकीत ट्रॉली चालू असताना रेकॉर्डर ठेवायचा कुठे, टेम्पोवर ठेवला तर जनरेटरची घरघर येते.

प्रतिसाद – साउंडवाला

दादा, निम्मं उत्तर तुम्हीच लिहिलंय. मिक्सरमध्ये बेंजो आहे ढोल नाही, हवेत ढोल आहे बेंजो दबलाय. दोन्ही घ्यायचे आणि घरी जोडायचे. सगळ्यांना माइक लावायच्या भानगडीत पडूच नका, रस्त्यावर वायरी तुडवल्या जातात.

इंटरफेसला लॅपटॉप लागतो, मिरवणुकीत कोण सांभाळणार. चार ट्रॅकचा रेकॉर्डर बसत असेल तर बघा, त्याच्या वरच्या दोन माइकवर ढोल आणि खालच्या दोन इनपुटला मिक्सर, सगळं एकाच घड्याळावर. नाही बसला तर दोन वेगळी यंत्रं चालतील, फक्त प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ताशाची एकच टण्ण काठी मारून घ्या. दोन यंत्रांची घड्याळं थोडी वेगळी पळतात, सुरुवात जुळवली तरी तासाभराने आवाज घसरतो.

३२ बिट फ्लोटचं अर्धं खरं. फाइल फाटत नाही, पण माइकची स्वतःची मर्यादा असते, एच१ इसेन्शियलला ती १२० डेसिबल. ढोलाच्या तोंडाशी धरलात तर माइकच फाटेल, मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. दहा-पंधरा फूट लांब, डोक्याच्या वर.

अजून एक. मिक्सरची लाइन मोबाइलच्या माइक जॅकमध्ये घालू नका, फाटणारच. जनरेटरमुळे हम (सततची गुणगुण) आला तर मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, वायरीतला हम तोडणारे छोटे डबे असतात. आणि रेकॉर्डर सेलवर चालवा, जनरेटरवर नाही, तो मध्येच बंद पडला तर फाइल गेली.

धागाकर्ता

खूप आभार! चार ट्रॅकवालाच बघतो मग. पण मिक्सर ट्रॉलीवर आणि ट्रॉली चालती, रेकॉर्डर पंधरा फूट पुढे म्हणजे वायर लोकांच्या पायात येणार ना?

प्रतिसाद – साउंडवाला

बरोबर पकडलंत. चालत्या मिरवणुकीला दोन वेगळी यंत्रंच. एक ट्रॉलीवर मिक्सरला, स्पंजवर ठेवून. दुसरं बांबूला बांधून एका पोराच्या हातात, ढोलांच्या पुढे उलटा चालेल असा. बांबूवर बोटं फिरवायची नाहीत, सगळं ऐकू येतं. वर केसाळ विंडशील्ड हवीच, नुसता फोम रस्त्यावर पुरत नाही. जोडताना लक्षात ठेवा, आवाजाला एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दहा मीटर लांबचा ट्रॅक ३० मिलिसेकंद मागे पडतो, तो एडिटिंगमध्ये तेवढाच आधी सरकवला नाही तर ऑक्टोपॅडचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. पोरगा पुढेमागे होत असेल तर गाण्यागणिक जुळवा. पाद्यपूजनाला एका जागी उभं राहून वाजवता तेव्हाच खरं चांगलं निघेल, सुपारीसाठी पाठवायला तेच घ्या.

प्रतिसाद – रीपरप्रेमी

एडिटिंगला रीपर हे सॉफ्टवेअर घ्या, ६० दिवस फुकट, आमच्या सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर मस्त पळतं. चार ट्रॅक ३२ बिटला, ४८ किलोहर्ट्झवर, तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास जातात, कार्ड रिकामं करूनच निघा. मिक्स करताना ढोलाचा ट्रॅक आधी उभा करा, मग त्यात बेंजो हळूहळू वर आणा, उलटं केलंत तर परत स्टुडिओसारखंच वाटेल.

आणि सिनेमाची गाणी वाजवत असाल तर यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. सुपारीवाल्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला काही अडचण नाही, पण तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेस होऊन सगळी मेहनत पाण्यात.