डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) व्हायचंय? मग कोर्स नंतर लावा, आधी बॅकअप रिस्टोअर करून दाखवा

शून्यप्रहर (धागाकर्ता)

टीममधल्या तिघांनी मला एकाच महिन्यात विचारलं, "डीबीए व्हायचंय, कोणता कोर्स लावू?" माझं उत्तर ऐकून तिघांचीही तोंडं उतरली. कोर्स लावूच नका. लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका, वीसेक लाख ओळींचं टेबल भरा, बॅकअप घ्या, डेटा डिरेक्टरी उडवा आणि घड्याळ लावून सगळं परत उभं करा. हात बसेपर्यंत हेच. सोबतीला अधिकृत मॅन्युअल, त्यातही बॅकअप, व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) आणि लॉकिंग (टेबल किंवा ओळ तात्पुरती ताब्यात घेणं) ही प्रकरणं आधी.

बॅकअप सगळेच घेतात हो, रिस्टोअर कोणी केलेला नसतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड साठवायची सेवा) रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य सर्व्हरची दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवणं, अडकलं होतं. रात्री उशिरा एका इंजिनिअरने रेप्लिका समजून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग कळलं की पीजी_डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्राम) चालतच नव्हता: सर्व्हर ९.६ आवृत्तीचा, डंपचा प्रोग्राम ९.२ चा. तो फेल झाल्याचे मेल निघत होते, पण पलीकडे नाकारले जात होते. तरले ते सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर). हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय. तो अहवाल वाचा, मग कोर्सचं बोलू.

ओट्यावरचा पॉइंटर

साफ असहमत. नवख्याच्या हातात मॅन्युअल देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून काठावरून सूचना देणं. मी ओरॅकल डेटाबेसच्या प्रमाणपत्राचा अभ्यास केला नसता तर अनडू, रीडू, आर्काइव्ह लॉग अशा बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या गोष्टी असतात हेच मला कळलं नसतं. ज्याचं नावच माहीत नाही ते शोधणार कसं? शिवाय मुलाखतीच्या चाळणीत आधी कागद बघतात. तुम्ही डिरेक्टरी किती वेळा उडवलीत हे बायोडेटात कुठे लिहायचं?

शून्यप्रहर

नकाशा हवा तर परीक्षेची विषयसूची घ्या ना. मायक्रोसॉफ्टच्या डीपी-३०० या डेटाबेस परीक्षेची तर सगळ्यांना खुली आहे. कागदाचं मात्र मान्य.

ढगातला माणूस

दोघंही जुन्या काळात आहात. मॅनेज्ड सेवेत (जिथे डेटाबेस क्लाउड कंपनीच चालवते) बॅकअप आपोआप होतो, हव्या त्या वेळेवर मागे जायला एक बटण असतं. नव्या माणसाने क्वेरी प्लॅन (डेटाबेस उत्तर कोणत्या वाटेने शोधतो) आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) शिकावेत. रिस्टोअरची तालीम कशाला?

निवांत व्हॅक्यूम

कधी दाबलंय का ते बटण? अ‍ॅमेझॉन आरडीएस या मॅनेज्ड सेवेमध्ये ते आहे तो डेटाबेस मागे नेत नाही, शेजारी नवा उभा करतं. पत्ता नवा, म्हणजे सगळी अ‍ॅप्लिकेशन्स तिकडे वळवा. हे पहिल्यांदा भर गोंधळात कळलं तर घाम फुटतो.

आणि क्वेरी प्लॅन म्हणालात म्हणून माझी फजिती सांगतो. एक डिलीट (ओळी पुसणारी आज्ञा) फार हळू चालत होता. त्याच्यापुढे एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून चालवला, म्हटलं फक्त प्लॅन बघू. प्लॅन दिसला आणि ओळीही गेल्या. अ‍ॅनालाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते. आधी बिगिन, शेवटी रोलबॅक (केलेलं मागे घ्या), हे मॅन्युअलच्या त्याच पानावर लिहिलंय.

दुसरं, ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणं. काम क्षणाचं, पण त्याच टेबलावर आधीपासून तासभर चालणारा रिपोर्ट असेल तर ऑल्टर लॉकसाठी थांबतो आणि त्याच्यामागून आलेले साधे सिलेक्टही (नुसतं वाचणाऱ्या क्वेरी) रांगेत अडकतात. लोकांना वाटतं सर्व्हर झोपला. लॉक_टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) दोन-तीन सेकंदांवर ठेवा, नाही जमलं तर पुन्हा प्रयत्न करा. ही सवय मला ना कोर्सने लावली ना मॅन्युअलने, एका सीनियरने लावली.

ओट्यावरचा पॉइंटर

बघा, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात! ते पान तुम्ही वाचलंत कधी? ओळी गेल्यावर. कोणीतरी आधी सांगणारं हवं, मग तो कोर्स असो की सीनियर.

निवांत व्हॅक्यूम

टोमणा पोचला. पण ज्यांनी माझ्याआधी कोर्स केला होता त्यांनीही हेच केलं, एवढं नोंदवून ठेवतो.

शून्यप्रहर

त्या तिघांतली एक काल खरंच बसली. पीजी_डंप घेतला, नव्या सर्व्हरवर चढवला आणि पडद्यावर त्रुटींची माळ: रोल अस्तित्वात नाही, रोल अस्तित्वात नाही. पीजी_डंप एका डेटाबेसपुरता असतो, रोल (वापरकर्त्यांची खाती आणि हक्क) त्याच्याबाहेर. ते पीजी_डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात. एकूण ५० मिनिटं लागली, त्यातली ३५ यातच गेली. आता तिने स्वतःच्या वहीत पहिली ओळ लिहिलीय: "आधी रोल."

ओट्यावरचा पॉइंटर

पुढच्या वेळी किती मिनिटं लागली ते इथेच टाका. वीसच्या आत आली तर कोर्सबद्दल मी पुन्हा विचार करेन.