वदरिंग हाइट्स वाचताना तुम्ही कुठे थांबलात?

एमिली ब्राँटेची ही एकुलती एक कादंबरी, 1847 मध्ये एलिस बेल या टोपणनावाने आलेली. कॅथरीन आणि तिच्या घरात वाढलेला अनाथ हीथक्लिफ यांची प्रेमकथा म्हणून सगळे हिची ओळख करून देतात पण कॅथरीन तर निम्म्यातच जाते आणि पुढे पोरांची पिढी सुरू होते. मला ती सगळ्या गुंत्यासकट आवडते, गुंता काढला तर उरतंच काय! वाचलेल्यांनी लिहा ना, कुठल्या जागी थांबलात ते.

माझी जागा नेली डीन, घरातली जुनी नोकराणी. सगळी गोष्ट तीच हीथक्लिफच्या भाडेकरूला, लॉकवुडला सांगतेय पण ती नुसती सांगणारी नाहीये, तिचाही हात आहे त्यात. हीथक्लिफशी लग्न केलं तर मला कमीपणा येईल असं कॅथरीन बोलून जाते, तो बाकावरून उठून गुपचूप निघून जाताना नेलीला दिसतो, आणि कॅथरीन काय झालं विचारते तर ही घरातल्या म्हाताऱ्या नोकराची, जोसेफची गाडी आली वगैरे अर्धवट काहीतरी सांगते. 'मी म्हणजेच हीथक्लिफ' हे त्याच्यानंतर येतं. त्याने ऐकलेलंच नाही ते!! मला नेलीचा राग येतो आणि तिच्याशिवाय कोणावर भरवसाही ठेवता येत नाही.

*

मी वकिली करतो त्यामुळे माझं लक्ष इस्टेटीवर. कॅथरीनचा भाऊ हिंडली जुगारापायी सगळं गहाण टाकतो आणि गहाण घेणारा कोण तर हीथक्लिफ. दुसरं, म्हणजे कॅथरीनच्या सासरचं घर मिळवायला मरायला टेकलेल्या स्वतःच्या मुलाचं कॅथरीनच्या मुलीशी, धाकट्या कॅथीशी जबरदस्तीने लग्न. मुलगा अल्पवयीन म्हणून जमिनीचं मृत्युपत्र करू शकत नाही हेसुद्धा कादंबरीत आहे! सँगर नावाच्या वकिलाने 1926 मध्ये यातल्या तारखा आणि कायदा दोन्ही तपासून दाखवलं की बाई किती चोख होत्या. सूड कागदोपत्री घेतलाय, म्हणून जास्त अंगावर येतो.

*

हीथक्लिफबरोबर पळून जाणाऱ्या इझाबेलाबद्दल कोणीच बोलत नाही. पळून जाताना तो तिचं कुत्रं फासाला लटकवतो तरी ती जाते. तिने मला रोमँटिक हिरो समजलं असं तो स्वतःच तुच्छतेने सांगतो, आणि तरी लोक त्याला हिरो म्हणतात.

*

माझा हेअरटन, हिंडलीचा मुलगा. घराच्या दारावर 1500 साल आणि हेअरटन अर्नशॉ हे नाव कोरलंय, म्हणजे त्याचंच नाव, त्याच्याच घराण्याचं, आणि त्याला ते वाचता येत नाही कारण हिंडलीने जे हीथक्लिफचं केलं तेच हीथक्लिफने याचं केलं, शिकूच दिलं नाही. मग एकदा तो कॅथीला अडखळत नाव वाचून दाखवतो, ती विचारते आकडे? तो म्हणतो ते अजून येत नाहीत. ती हसते. मी प्रौढ साक्षरता वर्गात शिकवते, तिथली माणसं डोळ्यापुढे येतात, मोठ्या माणसाने धीर करून वाचावं आणि समोरच्याने हसावं... पुढे तीच कॅथी त्याला शिकवते. आणि ज्याने याला अडाणी ठेवलं त्याच हीथक्लिफसाठी शेवटी ढसाढसा रडणारा एकटा हेअरटनच. हे मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही, उलगडूही नये.

*

जोसेफच्या यॉर्कशर बोलीत अडकणाऱ्यांसाठी: एमिलीची बहीण शार्लटने 1850 च्या आवृत्तीत ती थोडी सोपी केली होती. मूळ हवी असेल तर 1847 वरून छापलेली प्रत बघा आणि मोठ्याने वाचा, बरीचशी कळते.