क्रम बदलून पाहा

'द एक्स-फाइल्स' या जुन्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा २०१६ मध्ये परत आलेला हंगाम फक्त सहा भागांचा होता म्हणून फसला, असं या चर्चेत म्हटलं गेलं; ते मला पूर्ण पटत नाही. २०१८ मध्ये दहा भाग मिळाले, तरी मूळ कटाची (सरकार परग्रहवासीयांबद्दलचं सत्य दडवतं, ही) गोष्ट पुन्हा मुख्यतः पहिल्या आणि शेवटच्या भागातच कोंबली. जुन्या मालिकेत तीच गोष्ट वीस-पंचवीस भागांच्या हंगामात मधेमधे, बऱ्याचदा जोडभागांतून (दोन भागांत मिळून सांगितलेल्या कथांतून) यायची. त्यामुळे ती मुरायला वेळ मिळे. त्यातच २०१८ च्या सुरुवातीलाच २०१६ चा शेवट म्हणजे स्कलीला (दोन मुख्य एफबीआय एजंटांपैकी एक) भासात दिसलेली दृश्यं होती असं सांगून टाकलं. तिथे माझा तरी विश्वास उडाला.

इथे कुणी न मांडलेला मुद्दा म्हणजे २०१६ चे भाग ठरलेल्या क्रमाने दाखवलेच नाहीत. दुसरा म्हणून आलेला 'फाउंडर्स म्युटेशन' मुळात पाचवा होता आणि चौथा 'होम अगेन' दुसरा. म्हणून प्रसारणातले क्रमांक धरून १, ४, ३, ५, २, ६ असे पाहा. 'होम अगेन'मधल्या आईच्या मृत्यूने स्कलीची विल्यमबद्दलची (दत्तक दिलेल्या मुलाबद्दलची) जखम आधी उघडते, मग 'फाउंडर्स म्युटेशन'मधली त्याच्याबद्दलची स्वप्नं खरी भिडतात. प्रसारणाच्या क्रमात ती अचानक उगवल्यासारखी वाटतात. तिसरा, लेखक-दिग्दर्शक डॅरिन मॉर्गनचा भाग मात्र कुठेही ठेवा, उत्तमच आहे.