इगालांचा ओजो चांगला, तर वाईट कुठून येतं?

नदीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "इगाला धर्मात सैतान नाही, म्हणजे पापाची कल्पनाच नाही, नुसती भुताखेतांची भीती." वाचून राहवलं नाही. नायजेरियात नायजर-बेन्यू नद्यांच्या संगमाच्या पूर्वेला राहणारे हे लोक ओजोला निर्माता मानतात. वाईटाचं खापर ते त्याच्यावर फोडत नाहीत आणि त्याच्या तोडीचा शत्रूही उभा करत नाहीत. वाईट येतं माणसाच्या हातून. चेटूक करणाऱ्याच्या, नातं मोडणाऱ्याच्या. त्याचा जाब इबेगू, म्हणजे घराण्याचे पितर, विचारतात. दुखणं आलं की इफाचा, म्हणजे तिथल्या शकुनविद्येचा, कौल लावायचा, कोण दुखावलंय ते शोधायचं, कबुली द्यायची, बळी द्यायचा. पापाची कल्पना नसलेली माणसं असं वागतात?

तर्कट: कबुली कुणाला द्यावी लागते तेही लिहा की. बायकोने परपुरुषाशी संबंध ठेवला तर इबेगू तिला नाहीतर तिच्या लेकराला आजारी पाडतात. नवरा बाहेर काहीही करो, पितर गप्प. ही नीती की सासरचा पहारा?

जुना मास्तर: ऐंशीच्या दशकात मी तिकडे शिकवायला होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तापाने फणफणली होती. घरच्यांनी तिला बोलतं केलं, विधी झाला आणि प्रकरण मिटलं. तिला कुणी घराबाहेर काढलं नाही. आपल्याकडे काय झालं असतं?

तर्कट: तापात पडलेल्या बाईकडून वदवून घेतलं आणि तुम्हाला ते चांगलं वाटलं? तुम्ही तिथले पाहुणे होतात मास्तर. तिला काय वाटलं ते तुम्ही विचारलंत?

घाटवाट: आपल्या वर्तमानपत्रांत आफ्रिकेचा धर्म आला की मथळा ठरलेला, 'जादूटोणा'. वर्षानुवर्षं हेच. आधी त्यावर बोला.

रानजाई: मला इनिक्पीबद्दल बोलायचंय. इडा, म्हणजे इगालांची राजधानी, तिथला राजा अयेगबा याची लाडकी लेक. शत्रूपासून राज्य वाचावं म्हणून तिला नदीकाठी जिवंत पुरलं असं सांगतात. इडात तिचा पुतळा आहे, ती पूज्य आहे. जिवंत मुलगी पुरणं हे ज्या हिशेबात पुण्य ठरतं, तो हिशेब मला मान्य नाही.

नदीकाठ: ती स्वतःहून गेली. बाप तयार नव्हता. कथेचा जीवच त्यात आहे.

रानजाई: आणि तिच्याबरोबर पुरलेल्या दासी? त्याही स्वतःहून गेल्या?

जुना मास्तर: तिकडच्या लोकांच्या डोळ्यांत तिचं नाव घेताना पाणी येतं. तुम्ही इथे बसून न्याय देताय.

रानजाई: माझ्याही डोळ्यांत येतं. दासींसाठी.

नदीकाठ: दासींचं मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तर्कट यांचा नवऱ्याचा मुद्दाही खोडता येत नाही, हवं तर लिहून घ्या. पण पक्षपाती न्याय हा न्यायाच्या कल्पनेतला दोष झाला. कल्पनाच नाही असं म्हणणाऱ्याने इबेगूंबद्दल काहीच वाचलेलं नाही.

तर्कट: एवढ्यापुरतं पटलं. पुढचं नाही.