मदत हवी आहे: वॉर रूममधून पब्लिक अफेअर्समध्ये कसं जावं?

नमस्कार मंडळी. २०१९ आणि २०२४, दोन्ही विधानसभांना एका पक्षाच्या वॉर रूममध्ये होतो. बूथनिहाय याद्या, सर्व्हे, भाषणं, सगळं केलं. पण निकाल लागला की पगार बंद! पस्तिशी उलटली, दादरचं भाडं झेपेना, म्हणून पब्लिक अफेअर्सकडे, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारशी धोरणं-कायद्यांवर बोलण्याच्या कामाकडे वळायचंय. मंत्रालयात फाइल कुठल्या टेबलावर अडते हे कळतं. विधेयकाचा मसुदा वाचून हरकती-सूचना लिहिणं मात्र कधी केलेलं नाही. पीआरएस या कायदे-अभ्यास संस्थेची लॅम्प फेलोशिप (खासदारांना संसदीय कामात साहाय्य करायची) पंचविशीपर्यंतच, म्हणजे ते दार बंद.

मुलाखतीत पक्षाचं नाव सांगावं का? बीकेसीत एकदा सांगितलं, तर समोरच्यांचे चेहरेच पडले. आधी एखाद्या उद्योग संघटनेत शिरावं की थेट सल्लागार कंपनीत? या क्षेत्रातल्यांनी कृपया सांगा.